बेजार

कोरेवाडी
९ नोव्हेंबर २००३

तीर्थस्वरूप बाईंना जगदेवीचा साष्टांग नमस्कार.

फार दिवसांनी लिहितेय आणि तेही कामासाठी. ट्रेनिंग कॉलेज सोडताना तुम्ही आम्हाला सांगितलं होतंत, गरज पडली तर गुलबर्ग्याच्या पत्त्यावर लिहा, रडगाणं असेल तर लिहू नका. हे रडगाणं आहे की गरज, ते तुम्हीच ठरवा.

इथल्या मराठी शाळेत पहिली ते पाचवी वर्ग आहेत आणि शिक्षक दोन. मी सीनियर म्हणून मुख्याध्यापिकेचा चार्ज माझ्याकडे. दुसरे अनिलकुमार सर. त्यांना जूनपासून तालुक्याच्या शिक्षण ऑफिसात कॉम्प्युटरवर बसवलं आहे. पगार आमच्या शाळेवर, माणूस तिकडे. त्यामुळे पाचही वर्ग मी एकटी बघते. खोल्या दोन. एकीत पाढे लिहायला लावायचे, दुसरीत जाऊन शिकवायचं, तोवर पहिलीतलं कुणीतरी रडत येतं. त्यात गेल्या वर्षीपासून दुपारचं जेवण शाळेत शिजतं. वच्छलाबाई चांगलं रांधतात, पण डाळीवरून त्यांचं पंचायतीच्या माणसाशी वाजलं की दोघंही माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहतात.

ऑफिसातून येणारा कागद कानडीत असतो आणि उत्तर आजच्या आज पाहिजे असतं. दिवाळी झाली की वाडीतली निम्मी माणसं पुण्याला, हैदराबादला बांधकामावर जातात, पोरंही बरोबर जातात. हजेरी का घसरली याचा खुलासा मी द्यायचा. दिला. तर विचारणा आली, तुम्ही त्यांना थांबवलं का नाही?

आमचे हे, नागराज, पुण्याला कारखान्यात आहेत, सणावाराला येतात. तुळजा माझ्याच शाळेत तिसरीला आहे. परवा म्हणाली, "आई, तू शाळेत समद्यांना बोलतीस, घरी आल्यावर कामून बोलत न्हाईस?"  उत्तर द्यायलासुद्धा तोंड उघडावंसं वाटेना.

दिवाळीपासून मी फार बेजार आहे. महिनाभर तरी रजा पाहिजे. अर्ज कानडीत द्यावा लागतो आणि माझं कानडी बोलण्यापुरतं, लिहायला बसले की अडतं. ऑफिसातले साहेब नवीन आलेत, म्हैसूरकडचे. अर्जाचा मसुदा करून पाठवाल का? रजा मिळाली नाही तर मार्चअखेर राजीनामा द्यायचा असं मी ठरवलं आहे. हे अजून घरात कुणाला सांगितलं नाही.

आपली,
जगदेवी


गुलबर्गा
१६ नोव्हेंबर २००३

चि. सौ. जगदेवीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर बिघडलं आहे. ते आधी सुधार.

मसुदा पाठवत नाही. बेजार झाले म्हणून सरकार रजा देत नसतं. माझ्या सगळ्या नोकरीत मी बेजार नव्हते असा महिना मला आठवत नाही. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, ह्यांची बदली रायचूरला, कॉलेजात शिकवून वर वसतिगृह माझ्या गळ्यात. कंटाळा सगळ्यांना येतो. रजा हे त्याचं औषध नाही. घरी बसून तो वाढतो.

मी सांगते ते कर. पहाटे उठून चालायला जा. जेवणाच्या भांडणात पडू नकोस, वच्छलाबाईंना म्हणावं, मधल्या सुट्टीपर्यंत दाराशी यायचं नाही. पाचवीच्या मुलांना पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवायला बसव. अनिलकुमारला परत पाठवा, अशी लेखी मागणी केलीस का? केली असशील तर प्रत ठेवलीस का? नसशील तर तक्रार कसली करतेस?

राजीनाम्याचं पुन्हा काढू नकोस. तू सोडलीस तर त्या शाळेवर दुसरा मराठी शिक्षक येणार नाही. पुढच्या जूनमध्ये ती मुलं शेजारच्या कानडी शाळेत मागच्या बाकावर बसलेली असतील, तुझी तुळजासुद्धा. नुसता कंटाळा आला म्हणून हे व्हायला नको.

ह्यांचे तुम्हा सर्वांना आशीर्वाद.

शारदाबाई


कोरेवाडी
१४ डिसेंबर २००३

तीर्थस्वरूप बाईंना साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुम्ही सांगितलंत ते करून पाहत होते. पहाटे वेशीपर्यंत चालत जायला लागले. एक दिवस वेशीवर टेकले ती उठताच येईना. शेजारच्या लिंगम्मानं हाताला धरून घरी आणलं. मागणीचे अर्ज मी तीनदा दिलेत, प्रती आहेत. ते अर्ज ऑफिसात कोण नोंदवून घेतं माहीत आहे? अनिलकुमार सर.

मग रजेचा अर्ज मीच लिहिला. "ननगे बहळ बेजारु आगिदे, ओंदु तिंगळु रजे बेकु." मला फार बेजारु झालंय, एक महिना रजा पाहिजे. मुख्याध्यापकांच्या बैठकीत साहेबांनी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. हॉलभर माणसं हसली. साहेब म्हणाले, "मेडम, ननगू बेजारु. नानु यारिगे अर्जी कोडली?" मलाही बेजारु आहे, मी कुणाकडे अर्ज देऊ? मला कळेना की माणसाच्या दुखण्यावर लोक हसतात कसे. शेजारी हुमनाबादकडचे गुरुपादय्या सर बसले होते. ते हसले नव्हते. त्यांनी हळूच सांगितलं, "अक्का, तिकडच्या कानडीत बेजारु म्हणजे कंटाळा." तेव्हा मला साहेबांचं हसणं कळलं आणि तुमचं पत्रही कळलं.

बाई, माहेरी आमच्या राजेश्वर गावात आणि इथं ह्या वाडीत बेजार म्हणजे आजारी. पोरगं बेजार पडलं म्हणजे त्याला ताप आला. म्हातारी लई बेजार हाय म्हणजे लेकींना निरोप धाडा. मी कंटाळले असं तुम्हाला लिहिलंच नव्हतं. मी आजारी आहे असं लिहिलं होतं.

फळ्यावर ओळ लिहिताना पुढचा शब्द जातो आणि मी खडू धरून उभी राहते. मुलांची नावं आठवत नाहीत. हजेरी घेताना छाती धडधडते. सकाळी शाळेची घंटा ऐकली की ओकारी येते, आणि घंटा वाजवायला मीच सांगितलेलं असतं. उदगीरला दवाखान्यात जाऊन आले. रक्त तपासलं, छातीची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. टेन्शन मी घेत नाही हो, ते मला सही घेऊन देतात.

म्हणजे दवाखान्याच्या मते मी आजारी नाही, ऑफिसच्या मते कंटाळलेय आणि तुमच्या मते आळशी झालेय.

एक गोष्ट लिहू की नको करत होते. गेल्या सोमवारी दुसरीतली एक मुलगी तेच तेच विचारत होती, म्हणून मी तिला मारलं. जोरात. मी आजवर मुलांवर हात उचललेला नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ती रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. अशी बाई शाळेत असण्यापेक्षा नसलेली बरी.

राजीनामा लिहून ठेवला आहे. मराठीत लिहिलाय.

आपली,
जगदेवी


गुलबर्गा
१७ डिसेंबर २००३

चि. सौ. जगदेवीस आशीर्वाद.

चूक माझी. जन्मभर भाषा शिकवलेल्या बाईनं शब्द कुठल्या गावचा आहे ते पाहायला पाहिजे होतं. त्यावर आणखी कागद घालवत नाही.

राजीनामा पोस्टात टाकू नकोस. शनिवारी शाळा सुटली की तुळजाला घेऊन गुलबर्ग्याची बस धर. माझा मुलगा नीलेश इथं सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे, तो तुला नीट तपासेल. तपासणं म्हणजे नुसतं रक्त काढणं नव्हे, तो बसून विचारतो.

निघण्यापूर्वी त्या मुलीची माफी माग. सगळ्या वर्गासमोर.

शारदाबाई


गुलबर्गा
६ जानेवारी २००४

चि. सौ. जगदेवीस आशीर्वाद.

तुझी रजा मंजूर झाली. गुरुवारपासून दोन महिने. आता कशी झाली ते ऐक, कारण मी अजून संतापलेली आहे.

तू इथं तपासून गेल्यावर मी नीलेशचं सर्टिफिकेट घेतलं आणि अर्ज माझ्या हातानं लिहिला. "अनारोग्य" असा शब्द घातला. त्याचा अर्थ म्हैसूरपासून बीदरपर्यंत एकच आहे. सोमवारी सकाळच्या बसनं तुमच्या तालुक्याला पोचले. साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून मला बाकावर बसवलं. दुपारी जेवायला निघाले तेव्हा मी दारात उभी राहिले.

तरुण आहे. वाईट माणूस नाही, हीच अडचण. वाईट असता तर मला भांडता आलं असतं. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि आपलंच गाऱ्हाणं सांगत बसला. इतक्या शाळांना शिक्षक नाहीत, वरून रोज फोन, माहिती भरायला ऑफिसात माणूस नाही म्हणून शाळेतला उचलावा लागतो, घरी बायको-मुलांचं तोंड रविवारी दिसतं. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. बैठकीत तो मलाही बेजारु म्हणाला, ते बहुतेक खरंच असावं. त्याची कीव करायची माझी तयारी होती, पण तेवढ्यात तो म्हणाला की तुमच्या बाई रजेवर गेल्या तर तिथं मी कुणाला पाठवू?

मी विचारलं, "त्या मेल्या तर कुणाला पाठवाल?"

 तो म्हणाला, तेव्हा कुणाला तरी पाठवावंच लागेल.

"त्याच माणसाला आत्ता पाठवा," मी म्हटलं.

सही झाली. अनिलकुमारला शाळेवर परत पाठवण्याचा हुकूमही माझ्यासमोर निघाला. तो पलीकडच्या टेबलावरच होता. हुकूम टाइप करायचं काम त्यालाच सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

राजेश्वरला माहेरी जा. झोप. शाळेची चौकशी करायची नाही.

शारदाबाई


राजेश्वर
९ फेब्रुवारी २००४

तीर्थस्वरूप बाईंना साष्टांग नमस्कार.

आल्यावर पहिल्यांदा मी नुसती झोपले. आई म्हणाली, "पोरगी हाय का पोतं?" नंतर हळूहळू भूक लागायला लागली. नीलेशदादांच्या गोळ्या चालू आहेत. तुळजाशी बोलते. इथल्या शाळेत ती तात्पुरती बसते आणि मास्तर कसे चुकीचं शिकवतात ते घरी येऊन सांगते.

शाळेची चौकशी मी केली नाही, शाळाच चालत आली. गेल्या रविवारी अनिलकुमार सर मोटारसायकलवर आले. माझ्या जागी ऑफिसनं दोघांना दिलंय, हे सर आणि शेजारच्या शाळेतल्या ईरम्मा मॅडम. सर बाजेवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही एकट्या कसं करायलत्या हे? आम्ही दोघं हाव तरी पुरं पडंना. कामून सांगितलं न्हाई कुणाला?"

मी म्हटलं, तीन अर्जांवर तुमच्याच हातचा शिक्का आहे.

"शिक्का मारताना कोण वाचायलंय, अक्का," म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. चहा पिऊन गेले.

त्या दिवसापासून माझी झोप पुन्हा मोडली. बाई, मी आजारी पडले म्हणून शाळेला दोन माणसं मिळाली. मी बरी होऊन हजर झाले की ईरम्मा त्यांच्या शाळेला जाणार आणि सर कॉम्प्युटरला. सरांनी तसं बोलूनही दाखवलं, "मार्चपर्यंत काढायचं कसंतरी." म्हणजे मी बरी झाले की पुन्हा तेच माझ्या पुढ्यात.

मला एक वाट दिसते. शाळेचा चार्ज ज्याच्याकडे आहे त्याला ऑफिसात नेऊन बसवत नाहीत. म्हणून तर मला कधी नेलं नाही. परत गेल्यावर मी चार्ज घेणार नाही, तशी अनिच्छा लिहून देणार. मग चार्ज सरांकडे जाईल आणि ते शाळेतून हलणार नाहीत. मी फक्त शिकवीन.

मी परवानगी मागत नाही. पण तुम्हाला काय वाटतं ते कळलं पाहिजे.

आपली,
जगदेवी


गुलबर्गा
१५ फेब्रुवारी २००४

चि. सौ. जगदेवीस आशीर्वाद.

काय वाटतं ते सांगते. मला हे मुळीच पसंत नाही.

तुला कॉलेजात पोचवायला तुझे वडील आले होते. काशाप्पांच्या खांद्यावर घोंगडी होती आणि शिपाई त्यांना आत सोडत नव्हता. ते मला म्हणाले, बाई, पोरीला हेडबाई करा. मेंढरांमागं गेलेल्या घरातली मुलगी त्या तालुक्यात मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर बसली, ती तू पहिली. ती खुर्ची आता तू कुणाला देणार? ज्यानं तुझा अर्ज न वाचता शिक्का मारला त्याला?

लोक काय म्हणतील तेही ऐकून ठेव. बाईला झेपलं नाही, म्हणतील. पुढच्या बाईला चार्ज द्यायची वेळ आली की तुझं नाव घेतील. हे नुकसान तुझ्या एकटीचं नाही.

त्यापेक्षा लढ. जिल्ह्याला लिही, बेंगळूरला लिही. मी सही करते आणि माझ्या सगळ्या विद्यार्थिनींच्या सह्या मिळवते. सोडून देणं मी तुला शिकवलेलं नाही.

नीलेश म्हणतो, तुझं बरोबर आहे. त्याला शाळेतलं काय कळतं?

शारदाबाई


कोरेवाडी
२० मार्च २००४

तीर्थस्वरूप बाईंना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही लिहिलेला एकही मुद्दा खोटा नाही. तरी हजर झाले त्या दिवशी मी अनिच्छा लिहून दिली.

आधी अप्पांना सांगितलं. तुम्ही घोंगडीची आठवण लिहिली होती तीही वाचून दाखवली.  ते म्हणाले, "हेडबाई हो म्हनलतो मी. मर म्हनलो न्हवतो."

आमच्यातली पहिली म्हणून माझा फोटो भिंतीवर लागेल आणि त्याला हार असेल, असा मान मला नको आहे, बाई.

लोकांचं तुम्ही म्हणालात तसंच झालं. बाईला झेपलं नाही असं बैठकीत कुणीतरी म्हणालं, गुरुपादय्या सरांनी कळवलं. पाच वर्ग आणि स्वयंपाकघर एकट्या पुरुषाला झेपलं असतं का, हे कुणी विचारलं नाही. साहेबांनी मला बोलावून घेतलं. चिडले होते. कॉम्प्युटरसाठी आता दुसऱ्या शाळेचा माणूस उचललाय, ते ऐकून मला वाईट वाटलं. ते काही मी सोडवलेलं नाही. माझ्या दारातलं दुसऱ्याच्या दारात गेलं. त्यासाठी लढायचं आहे आणि तुमची सही मला लागेल. पण आता शिकवून जे उरेल त्यातून लढेन. इतके दिवस सगळं करून उरेल त्यातून शिकवत होते.

ईरम्मा गेल्या. सर राहिले. आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हते. मग बोलावंच लागलं, कारण त्यांना काही सापडत नाही. डाळ दोनदा करपली. तांदळाचा निरोप द्यायचा राहिला तेव्हा पोरांना एक दिवस नुसतं वरण मिळालं. मला दिसत होतं आणि हात शिवशिवत होते. वच्छलाबाई मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही हाव की हितं, मग बघत कामून बसलाव?" फार लागलं ते. त्या दिवशी जाऊन तांदूळ आणला असता तर पोरं जेवली असती, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं पुन्हा माझ्याकडे आलं असतं. मी गेले नाही. बरोबर केलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

काल तिसरीचा मराठीचा तास चालू होता. ज्या मुलीला मी मारलं होतं तिची थोरली बहीण धडा वाचत होती, एकेक अक्षर लावून. सर दारात आले. "अक्का, ऑफिसातून माणूस आलाय. पटाची माहिती आत्ताच पाहिजे म्हणायलाय. कुठं ठेवायलत्या तुम्ही?"

कुठं आहे ते मला तोंडपाठ होतं. उठून काढून द्यायला वेळ लागला नसता. पाय उचललासुद्धा. मुलांकडे पाहिलं तर सगळ्यांनी पुस्तकं मिटली होती. दारात कुणी आलं की बाई जातात, हे त्यांना पाठ झालंय. माझ्याकडून ती हेच शिकली आहेत.

मी बसले आणि म्हटलं, तास झाल्यावर सांगते, सर.

"माणूस थांबलाय, अक्का."

"पोरंबी थांबलीत," मी म्हटलं.

सर दारात उभे राहिले. मी मुलांना पुस्तकं उघडायला सांगितली. कुठवर आलो होतो ते कुणालाच सापडेना, म्हणून त्या मुलीनं धडा पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. थोड्या वेळानं पाहिलं तेव्हा दारात कुणी नव्हतं.

आपली,
जगदेवी